दोन तारामती

हरिश्चंद्राची गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. स्वप्नात दिलेल्या शब्दापायी राज्यावर पाणी सोडणारा राजा, त्याच्यामागून उन्हातान्हात चालणारी राणी आणि वाटेत भुकेने कळवळणारा रोहिदास. आजीच्या मांडीवर डोके ठेवून ही गोष्ट ऐकताना ज्याचे डोळे भरून आले नाहीत असे मूल विरळेच. गोष्ट राजाच्या नावाची खरी. पण ऐकणाऱ्याचा जीव अडकतो तो तारामतीत. शब्द दिला नवऱ्याने आणि बाजारात उभी राहिली ती.

आपल्या चित्रपटाच्या इतिहासात या तारामतीने दोनदा मोठे काम केले आहे. पहिल्या वेळी ती पुरुष होती. दुसऱ्या वेळी ती खरीखुरी स्त्री होती, आणि तिचे नाव होते दुर्गा खोटे. या दोन तारामतींच्या मध्ये अवघी १९ वर्षे आहेत. पण त्या १९ वर्षांत मराठी घराचा उंबरठा किती झिजला हे पाहायचे असेल, तर दुर्गाबाईंचे चरित्र हाती घ्यावे.

पहिली तारामती १९१३ सालची. धुंडिराज गोविंद फाळके या त्र्यंबकेश्वरच्या माणसाने हट्टाने चित्रपट काढायला घेतला, घरदार पणाला लावले. परंतु तारामतीसाठी बाई मिळेना. घरंदाज स्त्रीला विचारण्याची सोयच नव्हती. फाळक्यांनी नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या स्त्रियांनाही विचारून पाहिले. त्यांनीही मान हलवली. ज्यांना समाजाने आधीच उंबरठ्याबाहेर ठेवले होते, त्यांनासुद्धा कॅमेऱ्यापुढे उभे राहणे कमीपणाचे वाटावे, यावरून त्या काळाची कल्पना येईल! अखेर एका उपाहारगृहात काम करणारा साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा तरुण फाळक्यांना दिसला. महिना १० रुपयांवर राबणाऱ्या त्या मुलाला १५ रुपये कबूल झाले आणि अयोध्येला राणी मिळाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. लोकांनी त्या राणीचे दुःख पाहून डोळे पुसले. चार वर्षांनी 'लंकादहन' मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या. पती आणि पत्नी एकाच देहात नांदली, तीही पुरुषाच्या!

या प्रकाराला आपण आज हसतो. पण रंगभूमीवर तर याहून नवल चालले होते. बालगंधर्वांचे शालू, त्यांचा अंबाडा, त्यांची पदर सावरण्याची लकब पाहून मोठमोठ्या घरांतल्या सुवासिनी आपले वागणे बेतत होत्या. स्त्रीने कसे दिसावे हे स्त्रीला पुरुषाकडून शिकावे लागत होते. तिने ते शिकावे ते मात्र प्रेक्षागृहात, स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर बसून. रंगमंचावर जाण्याच्या पायऱ्या तिच्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दुर्गा खोटे म्हणजे चित्रपटात आलेली पहिली कुलीन स्त्री, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. हे खरे नव्हे. फाळक्यांच्याच दुसऱ्या चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर' मध्ये, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या होत्या आणि त्यांची कोवळी मुलगी कमला, म्हणजे पुढे नावारूपाला आलेल्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली होती. पतीपासून वेगळे झाल्यावर मुलीला घेऊन उदरनिर्वाहासाठी बाहेर पडलेली ही बाई काही कुळाने हलकी नव्हती. पण तिच्या पाठीशी पैसा नव्हता, नातलगांचे बळ नव्हते. समाजाने तिला नाटकवाली म्हटले आणि तिचे कूळ सोयिस्करपणे विसरून टाकले. कुलीनपणा ही किती व्यवहारी वस्तू आहे पाहा! तो रक्तात असतो असे म्हणतात. प्रत्यक्षात तो शेजाऱ्यांच्या तोंडात असतो.

मग दुसऱ्या दुर्गाबाईंचे वेगळेपण कशात? माझ्या मते ते एवढ्यातच, की त्यांचे नाव समाजाला विसरता येण्याजोगे नव्हते.

१४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत लाड यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित सॉलिसिटर. घरात नोकरचाकर, इंग्रजी शिस्त आणि मराठी सणवार एकत्र नांदणारे. मुलगी कॅथेड्रल शाळेत शिकली, सेंट झेवियर महाविद्यालयात गेली. त्या काळी मुलीने महाविद्यालयात जाणे हीच नवलाई होती. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच लग्न झाले. सासर खोट्यांचे, तेही मुंबईतले तालेवार घराणे. म्हणजे माहेर आणि सासर दोन्हीकडून भरल्या घरातली ही लेक. तिने दागिने घालून लग्नकार्यांत मिरवावे, मुलेबाळे वाढवावी आणि सुखाने म्हातारे व्हावे, अशीच तिची पत्रिका कोणीही मांडली असती.

पण लक्ष्मीचे पाय स्थिर नसतात. सासरची श्रीमंती ओसरली. बकुल आणि हरिन अशी दोन लहान मुले पदरात, आणि घरात पैसा नाही. माहेरी हात पसरावा तर स्वाभिमान आड येतो. नोकरी करावी तर अर्धवट शिक्षणाला विचारतो कोण! अशा वेळी, १९३१ साली, मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात छोटे काम चालून आले. चित्रपट मूकच होता. पण बोलपटाचे वारे सुटल्यामुळे त्याला शेवटी थोडा बोलका भाग जोडायचा होता. काम थोड्या वेळाचे, मोबदला रोख. दुर्गाबाईंनी होकार दिला.

जाहिरात मात्र मोठ्या अक्षरांत झाली. प्रसिद्ध लाडांची कन्या आणि खोट्यांची सून पडद्यावर येत आहे, असा डांगोरा पिटला गेला. चित्रपटवाल्यांनी विकत घेतला होता तो अभिनय नव्हे. त्यांनी विकत घेतली होती दोन घराण्यांची अब्रू. चित्रपट सवंग निघाला, आणि मग जो गहजब झाला तो विचारू नका. आप्तांनी तोंडे फिरवली, ओळखीच्यांनी बोटे दाखवली. ज्यांनी अडचणीच्या दिवसांत शिधा पाठवला नव्हता, त्यांनी आता शहाणपण मात्र भरभरून पाठवले. २६ वर्षांच्या त्या बाईला एका छोट्याशा भूमिकेने मुंबईत तोंड दाखवणे अवघड केले.

गोष्ट येथेच संपली असती. दुसरी एखादी असती तर पडद्याचे नाव पुन्हा काढती ना. पण कोल्हापुरात पाच भागीदारांनी १९२९ साली एक कंपनी काढली होती. दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि शांताराम. तिचे नाव 'प्रभात'. या मंडळींना बोलपट काढायचा होता आणि त्यांनी निवडली होती तीच जुनी गोष्ट, हरिश्चंद्राची. तारामतीसाठी त्यांनी दुर्गाबाईंना बोलावले.

'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. पहिला मराठी बोलपट! ११ महिन्यांपूर्वी याच थिएटरात 'आलम आरा' ने हिंदी पडदा बोलका केला होता. आजच्या वाचकाला त्या वेळच्या कष्टांची कल्पना यावी म्हणून सांगतो. पार्श्वगायन नावाची सोय तेव्हा नव्हती. बोलायचे ते तिथेच, गायचे तेही तिथेच, कॅमेरा फिरत असताना. वादक चौकटीच्या बाहेर दडून बसायचे. कोणी खोकला, एखादे भांडे पडले, की सगळे पुन्हा. शिवाय प्रसंग एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत, असा दोनदा घ्यायचा, कारण 'अयोध्या का राजा' हा हिंदी अवतारही बरोबरीने तयार होत होता. समोर हरिश्चंद्र म्हणून उभे होते गोविंदराव टेंबे, संगीतातले जाणते आणि या बोलपटाचे संगीतकारही तेच. दुर्गाबाई रंगभूमीच्या तालमीतून आल्या नव्हत्या. त्यांना ना नाटकी हेल ठाऊक, ना टाळी घेण्याची युक्ती. आणि हेच त्यांच्या पथ्यावर पडले. ध्वनिक्षेपक डोक्यावर टांगलेला असताना शेवटच्या रांगेपर्यंत ओरडण्याची गरजच काय? घरात बाई जशी बोलते तशी ही राणी बोलली.

आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. कालपर्यंत नाके मुरडणारी घरे सहकुटुंब मॅजेस्टिककडे निघाली. ज्या नावाने काल मान खाली घालायला लावली होती, ते नाव आज कौतुकाने घेतले जाऊ लागले. घरंदाज मुलींच्या आयांना आता एक दाखला मिळाला.

येथवर ही कथा सुफळ संपूर्ण वाटते. पण मी ती जितक्या वेळा मनात आणतो तितक्या वेळा एका जागी अडखळतो. समाजाने दुर्गाबाईंना क्षमा केली ती कोणाला? अभिनेत्रीला की तारामतीला? नवऱ्याच्या शब्दासाठी स्वतःला विकू देणारी, मूल गेले तरी धर्म न सोडणारी पतिव्रता लोकांनी पाहिली आणि तिच्यामागची बाई त्यांना चालून गेली. समजा दुसरी भूमिका तारामतीची नसती, एखाद्या चंचल, हसऱ्या, स्वतःच्या मर्जीने वागणाऱ्या स्त्रीची असती, तर ही दारे अशी उघडली असती काय? मला नाही वाटत. दारे उघडली होती. पण उंबरठ्यावर एक अट लिहिलेली होती. आत ये, पण सती होऊन ये.

दुर्गाबाईंचे मोठेपण मला दिसते ते यापुढच्या वाटचालीत. ही अट त्यांनी मुकाट्याने डोक्यावर घेतली नाही, आणि तिच्याविरुद्ध सभांतून भाषणेही दिली नाहीत. त्यांनी फक्त भूमिका निवडल्या.

त्याच वर्षी त्या प्रभातच्याच 'माया मच्छिंद्र' मध्ये स्त्रीराज्याची राणी झाल्या. पुरुषाला थारा नसलेल्या राज्याची सम्राज्ञी, आणि सिंहासनाशेजारी साखळीतला चित्ता! तारामतीचे अश्रू सुकले नव्हते तोच हा रुबाब. पुढे कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या हाताखाली 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) केले. 'सीता' चा राम होता पृथ्वीराज कपूर, आणि हा चित्रपट थेट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत जाऊन पोचला. त्या काळी नटनटी कंपनीत महिन्याच्या पगारावर बांधलेली असत, गिरणीतल्या कामगारासारखी. दुर्गाबाई मात्र एका कंपनीच्या दावणीला राहिल्या नाहीत. कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई. जिथे काम मनाजोगते तिथे करार, तोही आपल्या शर्तीवर. दोन मुलांची आई इतका प्रवास एकटीने करते, हेच तेव्हा अनेकांना भूमिकेपेक्षा धीट वाटले असेल.

मग १९३६ साल उजाडले आणि 'अमरज्योती' आला. प्रभात तोवर पुण्यात आली होती. या चित्रपटातली सौदामिनी राज्याच्या कायद्याकडे आपल्या मुलाचा ताबा मागते. आईला तो हक्क नाही, असे उत्तर मिळते. ती रडत बसत नाही. ती समुद्रावर निघून जाते, चाच्यांची नायिका होते आणि ज्या सत्तेने तिला नाकारले त्या सत्तेच्या जहाजांवर चालून जाते. तारामतीचे मूलही गेले होते. तिने ते नशीब मानले. सौदामिनीने ते अन्याय मानले. चार वर्षांच्या अंतराने एकाच स्त्रीने एकाच दिग्दर्शकाकडे या दोन आया उभ्या केल्या. दोन मुलांसाठी जिने लोकनिंदा सोसली होती, तिला ही भूमिका करताना फार दूर जावे लागले नसेल.

पुढची पायरी याहून अवघड. लोकांनी देव्हाऱ्यात बसवलेल्या नटीने खाष्ट बाई रंगवणे म्हणजे आपल्याच पूजेवर पाणी ओतणे. दुर्गाबाईंनी ते केले. १९४१ साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी' मध्ये त्या सुनेला छळणारी सासू झाल्या. सून होत्या वनमाला. वय ३६, आणि नायिकेच्या जागेवरून सासूच्या जागी जाऊन बसण्याची ही तयारी! पुढच्याच वर्षी 'भरत भेट' मध्ये त्या कैकेयी झाल्या. ज्या बाईत लोकांनी सीता पाहिली होती, तिनेच आता रामाला वनात धाडले. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या असतील. त्या शिव्या हीच त्या भूमिकेची पावती.

आणि मग रंगभूमी. हा भाग मला विशेष वाटतो, कारण येथे त्यांना उलटी वाट चालावी लागली. बोलपटाच्या लाटेत नाटक मंडळ्या एकामागून एक बुडाल्या होत्या. काळाची गंमत अशी, की स्त्रीवेषाचे सम्राट बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' त पुरुष होऊन, संत एकनाथ होऊन आले होते. इकडे गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाचे डॉ. अमृत नारायण भालेराव नाट्यमहोत्सव भरवून विझत चाललेल्या रंगभूमीला फुंकर घालत होते. त्यांच्या हाकेला ओ देऊन जी मोठी माणसे आली त्यांत दुर्गाबाई होत्या.

पडद्यावर पापणी हलवली तरी ती वीतभर दिसते. रंगमंचावर ती पहिल्या रांगेलाही दिसत नाही. पडद्यावर चूक पुन्हा करून सुधारता येते. रंगमंचावर सुटलेले वाक्य सुटले ते सुटले. नावलौकिक मिळवून बसलेल्या, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या नटीने ही नवी विद्या शिकायला घ्यावी याला धाडस लागते. नानासाहेब फाटकांसारख्या, आवाजाने नाट्यगृह भारून टाकणाऱ्या नटासमोर उभे राहायचे होते. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' त फाटक राघोबा आणि दुर्गाबाई आनंदीबाई. मग १९५४ साली शिरवाडकरांचा 'राजमुकुट'. शेक्सपिअरच्या मॅकबेथचा हा मराठी अवतार, हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने बसवलेला. त्यात दुर्गाबाई लेडी मॅकबेथच्या जागी उभ्या राहिल्या.

वाचकांनी जरा या तीन बायका एका ओळीत उभ्या करून पाहाव्यात. कैकेयी, आनंदीबाई आणि ती स्कॉटलंडची राणी. तिघींनी राज्य मागितले, तिघींच्या नावाने इतिहास आणि पुराण बोटे मोडते. 'ध' चा 'मा' आनंदीबाईने खरोखर केला की नाही याची खात्री इतिहासकार देत नाहीत. लोकांनी मात्र १७७३ पासून तिलाच फासावर चढवले आहे. खाडिलकरांचे हे नाटक १९०९ साली प्रथम रंगमंचावर आले तेव्हा आनंदीबाईसुद्धा पुरुषच होती. म्हणजे सत्तेची हाव धरणारी स्त्री कशी असते, हेही आपल्याला तोवर पुरुषांनीच दाखवले होते. दुर्गाबाईंनी ती जागा घेतली. सोशिक राणीचे सोंग स्त्रीने केले तर समाज आनंदाने रडतो. कारस्थानी राणीत जीव ओतून तिला माणूस म्हणून उभे करणे, ही खरी कसोटी. तारामती होऊन मिळवलेली पुण्याई त्यांनी अशा बायकांच्या पायी खर्च केली. पुण्याईचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

१९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६८ साली पद्मश्री. दरम्यान १९६० च्या 'मुघल-ए-आझम' मध्ये त्या जोधाबाई होऊन पुन्हा पृथ्वीराजांसमोर आल्या. २६ वर्षांपूर्वीचे राम-सीता आता अकबर आणि जोधा झाले होते. एकीकडे पती, दुसरीकडे पुत्र, आणि दोघांच्या हातांत तलवारी. मधे उभ्या राहिलेल्या त्या राणीच्या चेहऱ्यावर मला तारामतीपासून आनंदीबाईपर्यंतच्या सगळ्या राण्या दिसतात.

त्यानंतर हिंदी पडद्याने त्यांना आई, मावशी आणि आजी यांतच बसवून ठेवले, हे खरे आहे. शेकड्याने केलेल्या भूमिकांत काही अशा होत्या की ज्या त्यांनी केल्या नसत्या तरी चालले असते. पण पोट प्रतिष्ठेने भरत नाही, हा धडा त्या तरुणपणीच शिकल्या होत्या. काम लहान म्हणून त्यांनी ते वाऱ्यावर सोडले नाही. आयव्हरी यांच्या 'द हाउसहोल्डर' (१९६३) मधली मुलाच्या संसारात लुडबुड करणारी आई घ्या, 'बॉबी' (१९७३) मधली मिसेस ब्रगांझा घ्या किंवा 'बिदाई' (१९७४) मधली फिल्मफेअर पारितोषिक मिळवणारी आई घ्या. माझ्या पिढीने त्यांना प्रथम ओळखले ते या पिकल्या केसांनी. दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' लागली की आमच्या घरात सगळे कामे टाकून बसत. ती मालिका दुर्गाबाईंच्याच संस्थेने काढली होती, हे मला फार उशिरा समजले. ऐंशी उलटलेल्या बाईने साध्या मध्यमवर्गीय कारकुनाची गोष्ट घराघरांत पोचवली!

१९८२ साली त्यांचे आत्मचरित्र आले. नाव ठेवले, 'मी, दुर्गा खोटे'. मला त्या नावाचे अप्रूप वाटते. ज्या सासरच्या आडनावाचा एकेकाळी जाहिरातवाल्यांनी बाजार मांडला, ते टाकून पडद्यासाठी एखादे गोंडस टोपणनाव घेणे किती सोपे होते! अनेकींनी घेतले. यांनी तेच आडनाव अर्धे शतक पडद्यावर मिरवले, इतके की खोटे म्हटले की मराठी माणसाला खऱ्या अभिनयाची आठवण व्हावी. मुलाच्या अकाली मृत्यूसारखे घाव सोसूनही पुस्तकात रडगाणे नाही. चित्रपट धंद्यातल्या आणि घरातल्या गोष्टी सारख्याच सरळपणाने सांगितल्या आहेत.

१९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला. ज्या माणसाला तारामतीसाठी उभ्या मुंबईत एक बाई मिळाली नाही, त्याच्या नावाचा मान तारामतीच्या वाट्याला आला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या.

मी शाळामास्तर आहे. स्नेहसंमेलनाचे नाटक बसवणे हे दरवर्षी माझ्याकडे येते. आता मुलींचा तुटवडा नाही. शिवाजीच्या भूमिकेलाही मुली हात वर करतात. पण एखाद्या मुलीचे नाव यादीत लागले की दुसऱ्या दिवशी तिचे पालक येतात आणि आवाज जरा खाली आणून विचारतात, "गुरुजी, भूमिका कसली आहे हो?" झाशीची राणी म्हटले की चेहरा खुलतो. आनंदीबाई म्हटले की ते माझ्याकडे पाहत राहतात. मी त्यांना खुर्ची देतो, चहा मागवतो आणि दुर्गाबाई खोट्यांची गोष्ट सांगायला घेतो. गेल्या साली एका वडिलांनी ती शेवटपर्यंत ऐकली, चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं, पाठांतर कधीपासून?"